स्वप्न कोणाचें?

चैत्रांत धानोऱ्याच्या भोंवतालच्या जंगलांत मोहफुलें गळूं लागलीं कीं तेथल्या गांवांची रात्र लवकर संपते. अंधार पुरता निवळला नाहीं तोंच बायका आणि मुलें टोपल्या घेऊन झाडांखालीं जाऊन बसतात. पालापाचोळा जाळून झाडाखालची जमीन आधींच मोकळी केलेली असते. तिच्यावर रात्रभर टपटपलेलीं पिवळसर, रसाळ फुलें एकेक करून वेंचावयाचीं असतात. हात कामांत आणि जीभ मोकळी, अशी ती वेळ.

समजा, त्यांतली एक बाई फुलें वेंचतां वेंचतां सांगते, "रातीं माय आली होती. उंबऱ्यापाशीं उभी राहून पाणी मागत होती. मी उठेपर्यंत निघून गेली." आई वारून दोन वर्षें झालीं आहेत. ऐकणाऱ्या तिघीजणी आहेत. पहिली म्हणते, "तिच्या जीवाची तहान राहिली असेल, तिच्या नांवानें पाणी ठेव." दुसरी म्हणते, "माय रुसली आहे. घरावर कांहीं तरी येणार." तिसरी मात्र आवाज खालीं आणते आणि म्हणते, "तुझी माय कांहीं सुखासुखीं गेली नाहीं. शेजारच्या म्हातारीनें काय केलें, तेंच सांगायला ती आली असेल."

टोपली अर्धी भरण्यापूर्वींच एका स्वप्नाचे तीन अर्थ झाले. पहिल्या अर्थाला एक तांब्या पाणी लागेल. दुसरा अर्थ त्या बाईची झोंप घेईल. तिसरा एखाद्या निरपराध म्हातारीचा जीवहि घेऊं शकेल. स्वप्नाचा अर्थ लावणें हा रिकाम्या वेळेचा खेळ आहे असें मानणाऱ्यांनीं हा फरक ध्यानांत घ्यावा.

हें केवळ रानांतल्या अडाणी माणसांचें वेड आहे, असेंहि शहरांतल्या सुशिक्षितांनीं समजूं नये. पितृपक्षांत वडील स्वप्नांत आले म्हणून अस्वस्थ होणारीं घरें नागपुरांत आहेत आणि पुण्यांतहि आहेत. दांत पडलेला दिसला तर काय, साप दिसला तर काय, आणि पांढरें फूल दिसलें तर काय, ह्याचे कोष्टक देणारीं स्वप्नफलांचीं पुस्तकें शहरांतच छापलीं जातात व शहरांतच विकलीं जातात. त्या कोष्टकांतला मुख्य दोष असा, कीं सापाचें स्वप्न गारुड्याला पडलें काय, शेतकऱ्याला पडलें काय, किंवा ज्याचा मुलगा सर्पदंशानें गेला अशा बापाला पडलें काय, पुस्तक तिघांना एकच फळ सांगतें. स्वप्न ज्याचें, तो मनुष्यच त्या पुस्तकांतून गळालेला असतो.

आपल्याकडील जुने शास्त्रकार ह्यापेक्षां सावध होते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत, पांचव्या अध्यायांत, स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. जें पाहिलें तें दृष्ट, जें ऐकलें तें श्रुत, जें भोगलें तें अनुभूत, जें मनापासून मागितलें तें प्रार्थित, जें मनानें रचलें तें कल्पित, जें पुढें होणार तें भाविक, आणि वातपित्तादि दोषांमुळें पडतें तें दोषज. ह्यांपैकीं पहिलीं पांच स्वप्नें निष्फळ होत, असा त्या वैद्याचा निर्वाळा आहे. म्हणजे त्यांवरून रोग्याचें पुढचें भविष्य काढूं नये. दिवसां पडलेलीं आणि फार लांब किंवा फार तोकडीं स्वप्नेंहि त्यानें निष्फळांतच काढलीं आहेत. 'मनीं वसे तें स्वप्नीं दिसे' ही मराठी म्हण ह्याच शहाणपणाचा घरगुती अवतार आहे. बहुतेक स्वप्नें उद्यांचीं नसतात. तीं कालचीं असतात.

आतां प्रश्न असा, कीं कालच्या गोष्टीच जर रात्रीं पुन्हां दिसत असतील, तर त्यांना अर्थ तो कसला? गेल्या सव्वाशें वर्षांत पाश्चात्य पंडितांनीं ह्या प्रश्नाचा मोठ्या चिकाटीनें पाठपुरावा केला. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड ह्यांचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १९०० हें साल मुखपृष्ठावर घेऊन बाहेर पडला. दडपलेली इच्छा वेषांतर करून स्वप्नांत येते, हें त्यांचें मुख्य प्रतिपादन. तें पुढें सर्वांना मान्य झालें असें नाहीं. परंतु अर्थ काढावयाचा तर स्वप्न पाहणाऱ्यालाच त्याच्या आठवणी विचारल्या पाहिजेत, ही त्यांची रीत मात्र टिकली. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांतील युजीन असेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन ह्यांनीं दाखवून दिलें, कीं झोंपेंत ठराविक काळानें मिटल्या पापण्यांखालीं बुबुळें भराभर हलूं लागतात. त्या वेळीं जागें केलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. रात्रींतून असे चार-पांच काळ, सुमारें दीड दीड तासाच्या अंतरानें येतात. म्हणजे "मला स्वप्नें पडतच नाहींत" असें म्हणणाऱ्यालाहि तीं पडतात. फक्त सकाळीं तीं हातीं लागत नाहींत.

१९७७ सालीं हॉब्सन व मॅकार्ली ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं उलट बाजू मांडली. झोंपेंत मेंदूच्या बुडाशीं उठणाऱ्या लहरींना मेंदूचा वरचा भाग कशीबशी गोष्टीची संगति लावतो, तेंच स्वप्न, असें त्यांचें म्हणणें. तें पुरतें खरें धरलें तरी एक गोष्ट उरतेच: लहरी कोठूनहि येवोत, गोष्ट रचण्याचें सामान ज्याच्या त्याच्या घरचें असतें. एकाच पावसाचें पाणी निरनिराळ्या जमिनींतून निरनिराळें पीक काढतें, तसेंच हें. शिकागोच्याच रोझलिंड कार्टराइट ह्या विदुषींनीं घटस्फोटाच्या दुःखानें खचलेल्या स्त्रीपुरुषांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. ज्यांच्या स्वप्नांत दुरावलेला जोडीदार येत राहिला, ते वर्षभरानें अधिक सावरलेले आढळले. रात्रीं मन जणूं दिवसाचा हिशेब पुरा करीत असतें.

हा हिशेब कसा चालतो, हें पाहावयास शिकागोपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. धानोरा आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे; पण १९८२ पूर्वीं हा सारा भाग चांद्याच्याच जिल्ह्यांत होता, आणि त्या चांद्याच्या स्थापनेची कथाहि एका स्वप्नाला जोडलेली आहे. खांडक्या बल्लाळशहा नांवाच्या गोंड राजाच्या अंगावर गळवें उठलीं होतीं. राणीच्या सल्ल्यानें त्यानें जुनी राजधानी सोडून वर्धा नदीच्या कांठीं बल्लारपूर वसविलें. एके दिवशीं शिकारींत तहानेनें व्याकुळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत उतरला. तेथें एका खळग्यांतून पाणी झिरपत होतें. तें तो प्याला, हातपाय धुतले, आणि कित्येक दिवसांत आली नव्हती अशी झोंप त्याला त्या रात्रीं आली. सकाळीं राणीला दिसलें, कीं पाणी लागलें तेथलीं गळवें मावळलीं आहेत. दोघांनीं पुन्हां त्या जागीं जाऊन गवत व रेती बाजूला सारली, तों खडकांत उमटलेलीं गाईचीं पांच पावलें आणि त्यांत भरलेलें पाणी आढळलें. तेथें स्नान करून राजा बरा झाला. त्याच रात्रीं अचलेश्वर त्याच्या स्वप्नांत आला व त्यानें राजाला धीर दिला. राजानें तेथें देऊळ बांधविलें. पुढें त्याच परिसरांत नगर उभें राहिलें. चंद्रपुरांत अंचलेश्वर ह्या नांवानें तें देवस्थान आजहि लोकांच्या परिचयाचें आहे.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु तिच्यांतला क्रम पाहण्यासारखा आहे. पाणी राजाला जागेपणीं सांपडलें. गुण राणीला जागेपणीं दिसला. शोध दोघांनीं जागेपणीं घेतला. स्वप्न शेवटीं आलें. त्यानें औषध सांगितलें नाहीं किंवा पुरलेलें धनहि दाखविलें नाहीं. राजाच्या मनांत दाटलेल्या कृतज्ञतेला त्यानें फक्त एक रूप दिलें, आणि त्या रूपानें त्याच्याचकडून कांहीं करवून घेतलें.

ह्याहून निश्चित साक्ष देहूच्या तुकारामांची आहे, कारण ती त्यांनीं स्वतःच आपल्या अभंगांतून दिली आहे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळांत त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, वाण्याचा धंदा बसला, आणि समाजांत मान राहिला नाहीं. अशा काळांतून गेलेल्या ह्या माणसाला दोन स्वप्नें पडलीं. एकांत नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि नामदेवांचें राहिलेलें कवित्वाचें काम त्यांच्यावर सोंपविलें. दुसऱ्यांत, माघ शुद्ध दशमीला, स्नानाला जातांना वाटेंत बाबाजी नांवाचे गुरु भेटले. त्यांनीं मस्तकावर हात ठेवला आणि 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला. गुरूंनीं भोजनासाठीं पावशेर तूप मागितलें. पण स्वप्नांतच त्याचा विसर पडला आणि गुरु त्वरेनें निघून गेले, असेंहि तुकाराम सांगतात.

पावशेर तूप! साक्षात्काराच्या वर्णनांत हें माप वाचून आश्चर्य वाटतें. पण ज्याचें आयुष्य तागडी आणि मापें ह्यांच्यामध्यें गेलें, त्याच्या स्वप्नानें दुसऱ्या कोणत्या भाषेंत बोलावें? नामदेवांच्या स्वप्नांतहि विठ्ठल माप टाकतो, आणि किती भरलें व किती राहिलें ह्याचा हिशेब होतो. दिवाळें निघालेल्या वाण्याला रात्रीं पुन्हां एक दुकान मिळालें. तेथला माल मात्र वेगळा होता. हा अर्थ कोणत्याहि स्वप्नफलाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. तूप मागणें म्हणजे लाभ कीं हानि, हें पुस्तक सांगेल. तें तूप तुकारामांच्या दुकानांतलें आहे, हें त्याला ठाऊक नसतें. आणि स्वप्नांत आपल्या हातून झालेली चूकहि तुकारामांनीं लपविली नाहीं. गुरु लवकर कां गेले ह्याचा दोष त्यांनीं दुसऱ्या कोणावर ठेवला नाहीं. मिळालेला मंत्र घेतला आणि उरलेलें आयुष्य दिलेल्या कामांत घातलें.

तुकाराम पुढें दुसऱ्या एका व्यक्तीच्या स्वप्नांत गेले. देवगांवची बहिणाबाई ही शिऊरच्या पाठकांना लहानपणींच दिलेली. नवरा वयानें पुष्कळ मोठा. घरावर संकट आल्यानें हें कुटुंब गांवोगांव फिरत कोल्हापुरास आलें. तेथें जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकारामांचे अभंग तिच्या कानीं पडले. तिचा लळा लागलेलें वासरूं मेलें, पतीचा मारहि तिनें सोसला, आणि ज्यांना डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें त्या तुकारामांचा तिनें ध्यास घेतला. तेव्हां तुकारामांनीं स्वप्नांत येऊन तिला उपदेश केला. ब्राह्मणाच्या घरच्या स्त्रीनें शूद्राला गुरु करावें ह्याचा पतीला संताप आला, आणि घर मोडण्याची वेळ आली. पुढें त्याचें मन पालटलें. सारें कुटुंब देहूस गेलें, आणि स्वप्नांत भेटलेल्या गुरूंचें तिला प्रत्यक्ष दर्शन घडलें. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत तिनें हा सारा वृत्तांत लिहून ठेवला आहे.

चरकाच्या कसोटीला हें स्वप्न लावलें तर तें श्रुत आणि प्रार्थित ठरेल. अभंग ऐकले होते आणि भेट मनापासून मागितली होती. म्हणजे वैद्याच्या भाषेंत हें स्वप्न निष्फळ! भविष्य सांगण्याच्या दृष्टीनें तें निष्फळ होतेंहि. परंतु जी मुलगी जागेपणीं घरांत कोणाला गुरु म्हणूं शकत नव्हती, तिचा स्वतःचा निर्धार तिला त्या स्वप्नांत पहिल्यानें दिसला. येथेंच स्वप्नाच्या फळाचे दोन अर्थ वेगळे करतां येतात. काय घडणार आहे, हें एक फळ. त्याविषयीं बहुतेक स्वप्नें मुकीं असतात. कोण काय होऊं पाहतो आहे, हें दुसरें फळ. त्याविषयीं स्वप्न कधीं कधीं फार स्पष्ट बोलतें.

संतांचीं स्वप्नें मोठीं. पण साध्या संसारी माणसाच्या स्वप्नालाहि हाच नियम लागू आहे. नोकरींतून निवृत्त होऊन दहा वर्षें झालेला गृहस्थ मॅट्रिकच्या परीक्षेस बसल्याचें स्वप्न पाहतो. गणिताचा पेपर समोर आहे, वेळ संपत आला आहे, आणि लेखणी चालत नाहीं. हें स्वप्न जगभर पडतें. फ्रॉइड ह्यांनींहि त्याची नोंद केली असून, जे ती परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात त्यांनाच तें पडतें, असा एक मार्मिक अनुभव त्यांनीं दिला आहे. त्याला अपयशाचें भाकीत समजणें हास्यास्पद होय; ती परीक्षा कधींच होऊन गेली. पण तो गृहस्थ क्षणभर थांबून पाहील, तर मुलीच्या लग्नाची बोलणी, दवाखान्यांतला तपास, किंवा भावाशीं टाळलेलें एखादें बोलणें, अशी उद्यांची कांहीं तरी परीक्षा त्याच्या ध्यानांत येईल. मनानें तिच्यासाठीं आपल्या कोठारांतली सर्वांत जुनी भीति बाहेर काढलेली असते.

आतां दुसरी बाजू. स्वप्न जोंवर ज्याचें त्याच्याकडून कांहीं मागतें, तोंवर तें फार तर त्याचें पावशेर तूप खर्च करील. तें जेव्हां दुसऱ्याविरुद्ध साक्षीला उभें केलें जातें, तेव्हां अनर्थ होतो. अमक्या जागीं धन पुरलें आहे, अमकीनें करणी केली आहे, असे अर्थ लावणारे लोक स्वप्नाच्या मालकाला बाजूला सारतात आणि त्याच्या भीतीचा धंदा करतात. महाराष्ट्रांत ह्या अनाचारांविरुद्ध डॉक्टर नरेंद्र दाभोलकर ह्यांनीं कायद्यासाठीं अनेक वर्षें लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानें संमत केला. एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणें व गुप्तधनासाठीं अघोरी कृत्यें करणें हे त्यानें गुन्हे ठरविले. तरीहि २०२४ सालींसुद्धां गडचिरोली जिल्ह्यांत जादूटोण्याच्या संशयावरून माणसें मारलीं गेलीं. कायदा हात धरूं शकतो. पण पहाटेच्या अर्धवट जागेपणीं मनांत उगवणारा संशय ज्याचा त्यानेंच धरावा लागतो.

म्हणून स्वप्नाचा अर्थ पाहूं इच्छिणाऱ्यानें कांहीं साधे नियम पाळावे. जाग येतांच, अंथरुणांतून उठण्यापूर्वीं, स्वप्न मनांत एकदां घोळवावें आणि जमल्यास चार ओळींत लिहावें. तोंड धुवून होईतों त्यांतलें पुष्कळ निसटून जातें. मग स्वतःला तीन प्रश्न विचारावे. ह्यांतली कोणती वस्तु, कोणतें माणूस काल-परवांच्या दिवसांतून आलें? ह्यांतली भीति, लाज किंवा ओढ जागेपणीं कोठें भेटलेली आहे? आणि हें स्वप्न ज्याला पडलें त्याच्याचकडून काय मागत आहे? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत जर दुसऱ्या कोणाचें नांव आरोपी म्हणून येऊं लागलें, तर अर्थ चुकला असें खुशाल समजावें. जड जेवणानें किंवा तापानें पडलेल्या दोषज स्वप्नाला अर्थाचें ओझें देऊं नये. एखाद्या आघातानंतर तेंच भयंकर स्वप्न वारंवार येऊन झोंप मोडत असेल, तर तें अर्थाचें काम नव्हे, वैद्याचें आहे. अशा दुःस्वप्नांवर आज उपचार आहेत, आणि ते घेण्यांत कमीपणा नाहीं.

मोहाच्या झाडाखालची ती बाई ह्या तीन प्रश्नांना काय उत्तर देईल? समजा, तिला आठवलें, कीं आई शेवटच्या दुखण्यांत होती तेव्हां तेंदूपानांचा हंगाम होता. दिवसभर जंगलांत पानें तोडावीं, पुडे बांधावे, ते फळीवर मोजून द्यावे, तेव्हां चार पैसे मिळत. आई घरीं एकटी. एके दुपारीं ती पाण्यासाठीं उंबऱ्यापर्यंत सरकत आली होती, असें शेजारच्या म्हातारीनें मागाहून सांगितलें होतें. पाणी त्या म्हातारीनेंच पाजलें होतें. हें सारें दोन वर्षें मनाच्या तळाशीं पडून होतें. उन्हाळा आला, तेंदूचा हंगाम जवळ आला, आणि आई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

आतां स्वप्नाचा अर्थ कोणी सांगावयास नको. ती रुसलेल्या भुताची मागणी नाहीं. मुलीच्याच मनांत राहून गेलेला तो घोट आहे. रडूं येईल तर तिनें तें येऊं द्यावें. आईच्या नांवानें उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवावासा वाटला, तर तोहि ठेवावा. त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आणि ऊन चढल्यावर फुलांची टोपली घेऊन परततांना, जिच्यावर तिसरीनें बोट दाखविलें त्या एकट्या म्हातारीच्या दारीं जावें, आणि तिचा हंडा रिकामा असेल तर तो भरून द्यावा.